नागपुरात वाचलेला अर्ज

संगमनेरच्या एसटी स्टँडवर मला पोचवायला घरातली पाच माणसं आली होती, आणि त्यांतल्या चौघांना मी नेमकी कशासाठी नागपूरला चालले आहे हे सांगता आलं नसतं. आईला वाटत होतं परीक्षा आहे. काका-काकूंना वाटत होतं नोकरीची मुलाखत आहे. धाकट्या बहिणीच्या मते मी संत्री आणायला चालले होते. दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, खरं ते ठाऊक होतं, पण पटलेलं नव्हतं. त्यांनी गाडी सुटेपर्यंत फक्त दोनदा विचारलं की फॉर्म पिशवीत वर ठेवला आहेस ना.

सत्तर साल नुकतंच उलटलं होतं. मी समाजशास्त्र घेऊन बी.ए. झाले आणि त्यानंतरचे सहा महिने गावच्या वाचनालयात वर्तमानपत्रांच्या जाहिराती उतरवून काढण्यात घालवले. मला नोकरी नको होती. मला वस्तीत जाऊन काम करायचं होतं आणि त्यासाठी कुणीतरी वर्षभर पोटापुरतं देणारं हवं होतं. अशा फेलोशिपा असतात हे आमच्या प्राध्यापकांनी सांगितलं होतं. कुठं असतात ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. उत्तरासाठी तिकीट लावलेलं पाकीट जोडून मी जिथं तिथं पत्रं पाठवली. कुणाला एम.ए. हवं होतं, कुणाला फक्त पुरुष हवे होते, कुणाला इंग्रजीतून अहवाल लिहिता येणारे. काहींनी माझं तिकीट तेवढं ठेवून घेतलं.

मग नागपूरची जाहिरात दिसली. एका ट्रस्टच्या दोन फेलोशिपा, एक वर्ष, पदवीधर स्त्री-पुरुष कुणीही. एखाद्या वस्तीत राहायचं, तिथला एक प्रश्न निवडायचा आणि त्यावर काम करायचं. फॉर्मबरोबर वस्त्यांची यादी आली होती. मी विणकरांचा मोहल्ला निवडला. कारण सांगायला लाज वाटते: आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात विणकरांवरचा एक जुना अहवाल होता आणि बाकीच्या वस्त्यांवर काहीच नव्हतं. त्या अहवालावरून मी विणकर स्त्रियांसाठी दुपारच्या साक्षरता वर्गाची अशी काही झकास योजना लिहिली, की वाचून मलाच माझं कौतुक वाटलं. तोवर मी माग चित्रातसुद्धा नीट पाहिलेला नव्हता.

दुसरीकडे दादांनी साखर कारखान्यात माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. गळीत हंगाम सुरू होताना ऑफिसात टायपिस्ट घेत. आमचा तह ठरला होता. फेलोशिप मिळाली तर मी नागपूरला राहायचं. नाही मिळाली तर एक तारखेला कारखान्यात हजर व्हायचं आणि पुन्हा फॉर्म भरायचे नाहीत. दादा शाळामास्तर होते, दिलेला शब्द ते पाळत आणि पाळायला लावत.

मनमाडला गाडी मिळाली, भुसावळला दूरच्या नात्यातल्या एका घरी मुक्काम केला आणि सकाळी नागपूर पॅसेंजरमध्ये खिडकी पकडली. खानदेश मागे पडला तशी जमीन काळी होत गेली. आमच्याकडे शेताच्या कडेला कुठंतरी डोंगर उभा असतोच. इथं नजर अडवायला काही नव्हतं. कपाशी, ज्वारी, पुन्हा कपाशी, मधेच एखादं एकटं बाभळीचं झाड. बोंडं नुकती उकलू लागली होती. मूर्तिजापूरला माझ्या शेजारी एक बाई चढल्या. त्यांनी माझ्या पिशवीकडे, मग माझ्या गळ्याकडे पाहिलं, मंगळसूत्र नाही याची खात्री करून घेतली आणि चौकशीला सुरुवात केली. एकटी काहून चालली, नागपूरले कोण आहे, आईबापानं पाठवलं कसं. मी फेलोशिप समजावून सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मला शेंगदाण्याची चटणी लावलेली अर्धी भाकर दिली. माझ्या योजनेपेक्षा माझी भूक त्यांना लवकर कळली होती. चटणी इतकी तिखट होती की बडनेऱ्यापर्यंत मी बोलले नाही.

नागपूर आलं तेव्हा ऊन उतरत होतं, पण फलाट अजून तव्यासारखा होता. ऑक्टोबर संपत आला तरी हवेत गारव्याचं नाव नव्हतं. मी सायकलरिक्षा केली आणि सक्करदऱ्याचा पत्ता सांगितला. रस्ते रुंद, झाडं मोठी, दुकानांच्या पाट्या मराठी आणि हिंदी शेजारी शेजारी. रिक्षावाला माझ्याशी हिंदीत बोलत होता, समोरून आलेल्या म्हशीवाल्याशी मराठीत भांडत होता आणि दोन्हीकडे त्याचं बरोबर चाललं होतं.

सक्करदऱ्याच्या तलावाजवळ शांताआत्या राहत. त्या माझ्या आत्या नव्हेत. दादांच्या शाळेत पूर्वी असलेल्या एका मास्तरांच्या या बहीण, प्रसूतिगृहातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. मला पाहिल्याबरोबर त्यांनी बादलीभर पाणी काढून दिलं आणि पाय धुवायला लावले. जेवायला गोळाभात होता, म्हणजे भातात शिजवलेले डाळीचे तिखट गोळे आणि वरून कडकडीत फोडणीचं तेल. जेवताना त्यांनी माझी उलटतपासणी घेतली. नोकरी आहे काय? नाही. शिक्षण आहे काय? नाही. मग लग्न ठरेपर्यंतचा उद्योग? तेही नाही.

"मंग काय वं करून राहिली तू?" त्यांनी विचारलं.

मी योजना सांगितली. त्यांनी ताटातला शेवटचा गोळा माझ्या ताटात टाकला आणि म्हणाल्या की चांगलं आहे, पण विणकरांच्या बायांपुढे जाताना ही असली इस्त्रीची साडी नेसू नकोस. मी मनातून जरा दुखावले. ती माझी सगळ्यात साधी साडी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रस्टच्या ऑफिसात गेले तेव्हा कळलं की अर्ज तीन प्रतींत, टाइप केलेला हवा. माझ्याकडे हाताने लिहिलेली एकच प्रत, आणि टायपिंग येत असलं तरी मशीन नाही. तशीच सीताबर्डीला गेले. तिथं मोठ्या चौकाजवळ एका दुकानाच्या जिन्याखाली मराठी टंकलेखन करणारे एक गृहस्थ बसत. वाटेत चपलेचा पट्टा तुटला, तो फरफटत मी त्यांच्यापुढे उभी राहिले. ते मधे कार्बन घालून टाइप करत होते आणि ओठांनी वाचतही होते. मधेच थांबून त्यांनी विचारलं की विणकर पाह्यले काय तुम्ही. मी म्हटलं, अहवाल वाचला आहे. ते "अच्छा" म्हणाले आणि पुढं टाइप करू लागले. मला त्यांचा तो "अच्छा" आवडला नाही. पण आधी चांभार शोधायचा होता.

ट्रस्टचं ऑफिस रामदासपेठेत एका बंगल्याच्या पडवीत होतं. कार्यवाह वामनराव साठीचे, सडपातळ, खादीचा सदरा, खिशाला तीन पेनं. माझ्याबरोबर वर्ध्याकडचा प्रभाकर नावाचा उमेदवार होता, त्यानेही हाच मोहल्ला निवडलेला. एकदम काळासावळा, गंभीर, बोलताना अडखळणारा. त्याला पाहून माझा धीर वाढला. कॉलेजात मी वक्तृत्वाची ढाल दोनदा आणली होती.

वामनरावांनी आम्हांला ट्रस्टची पद्धत सांगितली. समितीपुढे मुलाखत शेवटी. त्याआधी उमेदवाराने एक दिवस मोहल्ल्यात काढायचा, आणि संध्याकाळी आपला अर्ज तिथल्या लोकांपुढे मोठ्याने वाचायचा. लिहिलाय तसा, पहिल्यापासून शेवटपर्यंत. ऐकून ज्यांना तो मान्य असेल त्यांनी अर्जाच्या शेवटच्या पानावर सही करायची किंवा अंगठा उठवायचा. निदान पाच तरी हवेत. तेवढे झाले तरच अर्ज समितीकडे जातो.

"ज्यांच्याबद्दल लिहिलं, त्याईनं आधी ऐकलं पाहिजे," ते म्हणाले. "आमचा एवढा एकच नियम आहे."

मला ही पद्धत फारच आवडली. वाचायचंच आहे, तर मग आपलं काम झालंच, असं मला वाटलं. रामदासपेठेतून परत येताना मी बसमध्ये मनातल्या मनात आवाजाचे चढउतार बसवत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी वामनरावांनी आम्हांला इतवारीच्या पलीकडे तांडापेठेत नेलं. प्रभाकरला एका घरी सोडलं, मला भागीरथाबाईंकडे. गल्ली अरुंद, घरं बुटकी, आणि प्रत्येक दारातून मागाचा खटक-खटक आवाज. भागीरथाबाईंच्या पुढच्या खोलीत जमिनीत खड्डा करून माग बसवलेला होता. त्यांचे मालक, म्हणजे यजमान, खड्ड्यात पाय सोडून बसले होते. पायाने पावड्या दाबायच्या, हाताने धोटा इकडून तिकडे फेकायचा. हिरव्या लुगड्याचं वीतभर कापड माझ्यासमोर तयार झालं. मालकांनी मान वर केली नाही. आल्यागेल्याशी बोलणं हे काम घरात भागीरथाबाईंचं होतं.

त्या पन्नाशीच्या, उंच, कपाळावर गोंदण. आतल्या खोलीत चरख्यापुढे बसून कांड्या भरत होत्या. धोट्याच्या पोटात सुताची जी छोटी नळी बसते ती कांडी. मी त्यांच्यापुढे बसले आणि वही उघडली.

"बोलाचं तर बोल वं बाई," त्या म्हणाल्या, "पण हात थांबणार नाई माहा."

आम्ही बोललो. म्हणजे मी विचारलं आणि त्यांनी चरख्याच्या तालावर उत्तरं दिली. सूत सोसायटीतून येतं, कधी येतं, कधी येत नाही. पॉवरलूमचं लुगडं स्वस्त मिळतं, मग हातमागाचं कोण घेणार. दोन मुलगे मागावर न बसता गिरणीत गेले. मधे त्यांनी मला चरखा दिला. मी तीन वेळा सूत तोडलं, चौथ्या वेळी कांडी अशी भरली की मधे पोट आलेलं. दारातून डोकावणाऱ्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. रुखमाबाई नावाची एक शेजारीण म्हणाली की असली कांडी धोट्यात घातली तर धोटाच बाळंत होईल. मीही हसले. मला तिथं फार बरं वाटत होतं.

बारा वाजता जेवलो. ज्वारीची भाकर आणि पाटोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा, लालभडक, वर तेलाचा थर. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा त्यांनी न विचारता गुळाचा खडा पुढं केला. जेवण झाल्यावर मला वाटलं, आता बाया जरा टेकतील, गप्पा होतील. दोन वाजले. टेकलं कुणीच नाही. उलट आता गल्लीतल्या प्रत्येक घरात चरखे सुरू झाले. मालक सकाळपासून विणत होते, भरलेल्या कांड्या संपत आल्या होत्या. संध्याकाळपर्यंत माग थांबू द्यायचा नसेल तर दुपारीच टोपली भरून ठेवावी लागे. दोन ते चार हा त्या बायांचा सगळ्यात घाईचा वेळ होता. बोलणंसुद्धा बंद झालं. भागीरथाबाईंच्या बोटाच्या पेरांवर सुताने चिरा पडलेल्या होत्या, आणि त्या मधूनमधून बोट तोंडात धरून पुन्हा चरख्याला लावत.

तिथं बसल्या बसल्या मला माझ्या अर्जाचं चौथं पान आठवलं.

त्यात मी लिहिलं होतं: 'दुपारी दोन ते चार या रिकाम्या वेळेत येथील स्त्रिया गप्पाटप्पांत व आळसात वेळ दवडतात, अज्ञानामुळे त्यांना वेळेचे मोल कळत नाही.' वाक्य अहवालातलं होतं. 'अज्ञानामुळे' हा शब्द मी माझ्या पदरचा घातला होता, वजन यावं म्हणून. वर्गही मी दोन ते चारच ठेवला होता.

मी वही मिटली. अर्ज वामनरावांच्या पिशवीत होता. आणि असता माझ्याजवळ, तरी लिहिलाय तसा वाचायचा हाच तर नियम. मी स्वतःला समजावलं की वेळ बदलता येईल, निवड झाल्यावर समितीला सांगता येईल, एका वाक्याने काय होतं.

पाच वाजता माग थांबले. गल्लीच्या टोकाला मारुतीच्या देवळापुढे फरशी होती, तिथं पंचवीस-तीस बाया आणि दहा-बारा पुरुष जमले. हाताला खळीचा वास, केसांत सुताचे कण. वामनराव एका कडेला मांडीवर प्रत उघडून बसले. पहिल्यांदा प्रभाकरने वाचलं. त्याचा विषय दारूबंदी होता. तो अडखळला, एक पान दोनदा वाचलं, पुरुष चिडले, दोघे उठून गेले. एकाने विचारलं की तू कधी घेतली काय गा. प्रभाकर म्हणाला, नाही, पण बाप घेत होता. शेवटी सात बायांनी आणि एका म्हाताऱ्या विणकराने त्याच्या कागदावर अंगठे उठवले.

मग मी उभी राहिले. आवाज लागला होता. पहिली तीन पानं मी अशी वाचली की बाया एकटक माझ्याकडे पाहत राहिल्या. साक्षरता, पोस्टातलं पत्र स्वतः वाचणं, सोसायटीच्या कागदावर काय लिहिलंय ते कळणं. माना हलत होत्या. चौथं पान आलं. ते वाक्य आलं. मी आवाजाला जराही धक्का न लागू देता ते ओलांडून गेले. वर्गाची वेळही 'सोयीनुसार' अशी तोंडाने घातली. नजरेच्या कडेने मला वामनराव दिसत होते. त्यांचं बोट ओळींखालून सरकत होतं. चौथ्या पानावर ते थांबलं. त्यांनी वर पाहिलं नाही. थोड्या वेळाने बोट पुन्हा सरकू लागलं.

माझं वाचन संपलं तेव्हा बाया खूश होत्या. रुखमाबाई म्हणाली की पोट्टी (मुलगी) बोलते गोड. वामनरावांनी कागद आणि शाईचं पॅड पुढं केलं. चौथ्या पानाचा खालचा अर्धा भाग कोरा होता. अर्ज तिथंच संपत होता, अंगठे तिथंच उठवायचे होते. रुखमाबाईने पहिला अंगठा उठवला. तिच्या जावेने दुसरा. मग भागीरथाबाई पुढं आल्या. त्यांनी अंगठा पॅडवर दाबला, शाई नीट लागली का पाहिली आणि मला विचारलं, कुठं?

मी बोटाने जागा दाखवली. माझ्या बोटाच्या वर चार ओळींवर ते वाक्य होतं. सुबक टाइप केलेलं. त्या त्याच्याकडेच पाहत होत्या आणि त्यांना ते दिसत नव्हतं. मी त्यांना कागद वाचायला शिकवायला आले होते, आणि त्यांना वाचता येत नाही याचाच फायदा घेऊन मी त्यांचा अंगठा घेत होते. मला स्वतःची किळस आली. हे मी आज शहाणपणाने लिहीत नाही; त्या क्षणी अंगावर पाल पडावी तसं झालं.

"थांबा," मी म्हटलं. "एक ओळ वाचायची राहिली."

"वाच मंग."

मी वाचली. वक्तृत्वाचा आवाज कुठं गेला कोण जाणे. 'अज्ञानामुळे'पाशी तर पुन्हा सुरुवात करावी लागली. वर्गाची खरी वेळही वाचली.

भागीरथाबाईंनी अंगठा मागे घेतला. रागावल्या नाहीत, निदान तसं दिसलं नाही.

"कोणं सांगतलं तुले हे?"

"पुस्तकात होतं."

"आन् आज दुपारी तू कुठं होती?"

"तुमच्याजवळ."

"मंग डोयानं पाह्यलं," त्या म्हणाल्या. "तरी वाचलं नाई. खोडलं बी नाई."

नियम लिहिलाय तसा वाचायचा होता हे खरं, पण उभं राहून 'हे मी चुकीचं लिहिलं' असं म्हणायला कुणाची मनाई नव्हती.

तेवढ्यात रुखमाबाई पुढं आली. तिचा चेहरा लाल झाला होता.

"माहा अंगठा परत दे," ती म्हणाली.

उठवलेला अंगठा परत कसा द्यायचा? कुणीतरी खोडून टाका म्हणालं. तिची जाऊ म्हणाली, खोडलं तरी खाली राहते. त्या दोन बायांनी न ऐकलेल्या वाक्याखाली आपला अंगठा उठवला होता आणि तो त्यांना तिथून काढून हवा होता. त्यांचं म्हणणं वाजवी होतं. मी वामनरावांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली नाही, नाही म्हणायला नाही की हो म्हणायला नाही. मला माझ्या अर्जाचं पान दिसत होतं, आणि पान फाडलं तर पुढं काय होईल तेही स्वच्छ दिसत होतं. मी ते पान फाडलं. अंगठ्यांचा तुकडा वेगळा काढून रुखमाबाईच्या हातात दिला. तिने तो घडी करून कमरेला खोचला.

नव्याने अंगठा उठवायला कुणी पुढं आलं नाही. मी मागितलाही नाही. लोक पांगले. प्रभाकर माझ्याकडे न पाहता कागद गोळा करत राहिला, आणि त्याबद्दल मी त्याची ऋणी आहे. मी चपला घालत होते तेव्हा भागीरथाबाई पदराला शाई पुसत आल्या.

"राग तं आला मले," त्या म्हणाल्या. "पण चहा घेऊन जाय. उपाशी नको जाऊ मोहल्ल्यातून."

मी तो चहा सगळा प्याले.

वामनराव सायकल हातात धरून माझ्याबरोबर बसथांब्यापर्यंत चालत आले. मग मी विचारलं की तुमचं बोट त्या ओळीवर थांबलं होतं ना. ते हो म्हणाले. मला वाटलं आता ते म्हणतील, ही परीक्षा होती, तू उतरलीस. गोष्टीत तसं होतं. वामनराव तसं काही म्हणाले नाहीत. त्यांनी सांगितलं की दर वर्षी कुणी ना कुणी एखादी ओळ गाळतं, आणि गाळलेली त्यांना कळते.

"अशांनाही फेलोशिप दिलेली आहे," ते रस्त्याकडे पाहत म्हणाले. "कामाले माणसं तं पाहिजे ना."

"म्हणजे मी गप्प राहिले असते तर?"

"मिळाली असती तुमाले."

मला त्यांचा संताप आला. एवढी चांगली पद्धत काढायची आणि स्वतःच डोळेझाक करायची. मी तावातावाने म्हटलं की मग प्रत तुम्ही का धरता, मोहल्ल्यातल्याच वाचता येणाऱ्या बाईच्या हातात द्या. ते थांबले आणि माझ्याकडे पाहून पहिल्यांदाच थोडं हसले.

"तशी एक बाई मोहल्ल्यात असती," ते म्हणाले, "तं तुमचा वर्ग कशाले हवा होता?"

बस आली. मी चढले. त्यांनी हात जोडले आणि मी पण जोडले, रागातच.

शांताआत्यांना मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पाठीवरून हात फिरवला आणि पिठलं टाकायला उठल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेशनवर संत्री पाहिली, हिरवी, लहान. विकणाऱ्याने स्वतःच सांगितलं की पंधरा दिवस थांबा, आता आंबट राहते. बहिणीसाठी मी संत्र्याची बर्फी घेतली. परतीच्या गाडीत खिडकी मिळाली होती, पण कपाशीकडे माझं लक्ष नव्हतं. मी मनात हिशेब मांडत होते की माझं नुकसान नेमकं कुणी केलं. अहवालाने, वामनरावांनी, रुखमाबाईने? अकोल्यापर्यंत सगळी नावं संपली आणि मी एकटी उरले. मला रडू आलं, ते मी खिडकीकडे तोंड करून रडले. फेलोशिप गेली म्हणून रडले हे खरं. ती मला अगदी मनापासून हवी होती. पण त्याहून जास्त, मी देवळापुढे उभी राहून किती सफाईने ते वाक्य ओलांडलं होतं त्याची मला भीती वाटत होती. ते मला इतकं सहज जमलं होतं.

घरी दादा दारातच उभे होते. आईने बर्फीचा डबा घेतला आणि आत गेली. मी दादांना ओसरीवर सगळं सांगितलं, ओळ न ओळ. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"बोलली नसतीस तर मिळाली असती?"

"हो."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग हळूच म्हणाले, "हे आईला सांगू नकोस."

पुढल्या वर्षी त्या ट्रस्टची योजना बंद झाल्याचं कळलं. प्रभाकरने वर्ष पूर्ण केलं म्हणे. मी नागपूरहून परतल्यावर शब्दाप्रमाणे एक तारखेला कारखान्यात हजर झाले. तिथं पहिल्याच आठवड्यात ऊसतोडीच्या टोळ्यांचे करार टाइप करायचं काम माझ्याकडे आलं. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. कोयत्यांची रांग खिडकीपाशी लागायची, मुकादम एकेकाचं मनगट धरून पुढं ओढायचा, अंगठा पॅडवर, अंगठा कागदावर, पुढचा. एका कोयत्याला अर्धं मिनिट लागत असे. पहिली बाई आली ती डावा अंगठा वर काढूनच आली. मी कागद माझ्याकडे ओढून घेतला आणि तिला म्हटलं, बाई, आधी ऐका यात काय लिहिलंय. हेडक्लार्कांनी टेबलावरून वर पाहिलं. रांगेतून कुणीतरी पुटपुटलं. मी पहिल्या ओळीपासून वाचायला लागले, साध्या आवाजात. सहाव्या ओळीत आजारपणाच्या खाड्याचे पैसे कापण्याचं होतं. तिथं बाईने अंगठा मुठीत दडपला आणि म्हणाली, ते परत वाचा. मुकादम म्हणाला, अगं चल, उशीर होतोय. ती हलली नाही. मी कागद सरळ धरला आणि ती ओळ पुन्हा वाचली, या खेपेला जरा सावकाश.